शिकागोची जुनी घरं: दगड तोच, कर्ज वेगळं

शिकागोच्या उत्तर भागात लोगन बुलेव्हार्ड नावाचा एक रुंद रस्ता आहे. हिरवळीचे पट्टे, मोठाली झाडं आणि झाडांमागे करड्या दगडाच्या दर्शनी भिंतींची दोन-तीन मजली घरं. तिथून दक्षिणेला सात-आठ किलोमीटरवर, नॉर्थ लॉनडेल या भागात, डग्लस बुलेव्हार्ड लागतो. तोही तितकाच रुंद, तिथेही हिरवळ, आणि घरंही त्याच घराण्यातली: इंडियाना राज्यातून आणलेला चुनखडीचा दगड, कोरीव चौकटी, रस्त्यावरून वर चढत जाणाऱ्या पायऱ्या. दोन्ही रस्ते एकाच योजनेतले. १८६९ साली शहराभोवती बागा आणि रुंद रस्त्यांची साखळी करायचं ठरलं, तिचे हे दोन दुवे.

पहिल्या रस्त्यावर घर घ्यायचं तर भरपूर पगार असलेलं जोडपंही दहादा विचार करतं. दुसऱ्या रस्त्यावर घरांच्या ओळीत मध्येच मोकळे प्लॉट दिसतात. तिथे घरं होती, ती पाडली गेली. बांधणारे कारागीर, दगड, काळ सगळं जवळपास एकच असताना असं का झालं? वास्तुकलेच्या पुस्तकात याचं उत्तर सापडत नाही. त्यासाठी कर्ज कुणाला मिळालं आणि कुणाला नाही, याच्या फायली उघडाव्या लागतात. शिकागोच्या जुन्या वस्त्या समजून घ्यायला मला तरी हाच रस्ता सरळ वाटतो. आपल्याकडून तिथे गेलेले बहुतेक लोक नेपरव्हिल, शॉमबर्गसारख्या उपनगरांत राहतात, शहरात येतात ते उंच इमारती आणि मिशिगन तळं बघायला. त्यामुळे मधला हा सगळा पसारा पाहायचा राहूनच जातो.

सुरुवात जमिनीपासून करू. शिकागोतला नेहमीचा प्लॉट २५ फूट रुंद आणि १२५ फूट खोल असतो, म्हणजे जवळजवळ तीन गुंठे. रुंदी कमी, खोली जास्त, म्हणून घरं आगगाडीच्या डब्यासारखी लांबट. मागच्या अंगाला बोळ. कचऱ्याची गाडी, कोळशाची गाडी, घोड्याचा तबेला आणि पुढे मोटारीचं गॅरेज, सगळं या बोळात. शहरात असे बोळ सुमारे १,९०० मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटर आहेत. म्हणूनच जुन्या वस्त्यांतले रस्ते समोरून इतके नीटनेटके दिसतात.

या प्लॉटवर पहिली घरं लाकडाची होती. बारीक पट्ट्या आणि कारखान्यात बनलेले खिळे वापरून झटपट सांगाडा उभा करायची पद्धत १८३० च्या दशकात इथेच रुजली. दोन-तीन खोल्या, वर उतरतं छप्पर, समोर त्रिकोणी दर्शनी भाग. हे कामगाराचं घर. मग ऑक्टोबर १८७१ मध्ये मोठी आग लागली. सतरा हजारांहून अधिक इमारती जळाल्या, सुमारे ३०० माणसं गेली, एक लाख लोक बेघर झाले. त्या वेळी शहराची वस्ती तीन लाखांच्या आसपास होती. तीन माणसांतलं एक उघड्यावर.

नगरपालिकेने विचार केला की आता लाकडी बांधकामच बंद करावं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण विटेचं घर महाग, आणि उत्तर भागातल्या जर्मन कामगारांकडे जळालेल्या घराखालची जमीन सोडून काही उरलं नव्हतं. १८७२ च्या जानेवारीत त्यांनी नगरपालिकेवर मोर्चा नेला, दगडविटा फेकल्या. शेवटी तडजोड झाली: मध्यभागी लाकूड बंद, बाहेरच्या पट्ट्यात चालेल. १८७४ मध्ये पुन्हा आग लागली, विमा कंपन्यांनी तगादा लावला आणि मर्यादा शहराच्या हद्दीपर्यंत गेली. मधल्या अडीच वर्षांत घाईघाईने उभ्या राहिलेल्या लाकडी घरांपैकी काही आजही ओल्ड टाउन भागात आहेत. १९७७ पासून त्या भागाला शहराचं वारसा-संरक्षण आहे. विटेचं घर परवडत नाही म्हणून भांडणाऱ्यांनी बांधलेली ती घरं आता शहरातल्या महागड्या मालमत्तांत मोडतात.

आता शिकागोचं खरं घर: टू-फ्लॅट. खाली एक बिऱ्हाड, वर एक बिऱ्हाड, दोघांना एकच जिना. एका मजल्यावर मालक, दुसऱ्यावर भाडेकरू. तीन मजले असतील तर थ्री-फ्लॅट. बाहेरून लाल वीट, आणि ऐपत असेल तर दर्शनी बाजूला तो करडा दगड. अशा दगडी दर्शनाच्या घराला तिथे ग्रेस्टोन म्हणतात. गंमत अशी, की दगड फक्त समोर असतो. बाजूच्या आणि मागच्या भिंती साध्या विटेच्या.

टू-फ्लॅटचा हिशेब समजला की शहर अर्धं समजलं. १९०० च्या आसपास बँकेचं गृहकर्ज तीन ते पाच वर्षांचं असे. निम्म्याच्या आसपास रक्कम आधी भरायची, मग मुदतभर बहुतांशी व्याज, आणि शेवटी उरलेली सगळी मुद्दल एकदम. ती नाही जमली तर पुन्हा नवं कर्ज, नाहीतर घर गेलं. कत्तलखान्यात किंवा लाकडाच्या वखारीत काम करणाऱ्याला हे झेपणारं नव्हतं. म्हणून चेक, पोलिश, जर्मन लोकांनी आपापल्या पतसंस्था काढल्या. आठवड्याला थोडे थोडे पैसे भरायचे, त्या गंगाजळीतून एकेकाला कर्ज. आणि वरच्या मजल्याचं भाडं हप्त्यात जाणार. भाडेकरू बऱ्याचदा गावाकडचाच, नुकताच बोटीतून उतरलेला. काही वर्षांनी तो स्वतःचा टू-फ्लॅट घेई आणि त्याच्या वरच्या मजल्यावर पुढचा भाडेकरू येई. माझ्या मते या शहराने जगाला दिलेल्या गगनचुंबी इमारतींपेक्षा ही व्यवस्था जास्त हुशारीची होती. तिच्याकडे बघायला पर्यटक येत नाहीत, एवढंच.

१९१० ते १९४० या काळात त्याच लोकांची पुढची पिढी बंगल्यांत गेली. बंगलो म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं तसं काही नाही. दीड मजल्याचं विटांचं एककुटुंबी घर, पुढे आलेली पागोळी, रंगीत काचांच्या खिडक्या, खाली पूर्ण तळघर. शहराच्या बाहेरच्या कडेने अर्धचंद्राकार पट्ट्यात अशी सुमारे ८०,००० घरं आहेत.

या सगळ्याला एक अपवाद सांगतो, कारण मालकी म्हणजे काय हे त्यावरून चांगलं कळतं. रेल्वेचे आरामशीर शयन-डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमन यांनी १८८० मध्ये शहराच्या दक्षिणेला अख्खं गाव वसवायला घेतलं. वास्तुविशारद सोलन बीमन. सुंदर विटांच्या ओळीच्या ओळी, घरात नळ आणि गॅस, बाजारपेठ, बाग, ग्रंथालय. दारू मिळायची ती फक्त फ्लॉरेन्स हॉटेलात, तेही पुलमन यांच्या मुलीच्या नावाचं. त्या काळच्या कामगार वस्त्यांच्या मानाने स्वर्गच. फक्त कुणालाही घर विकत मिळत नसे. १८९३ च्या मंदीत कंपनीने पगार सरासरी चौथ्या हिश्श्याने कापले, भाडं मात्र तेवढंच ठेवलं. मालक तोच, घरमालकही तोच, मग तक्रार कुणाकडे करणार? मे १८९४ मध्ये संप झाला, युजीन डेब्ज यांच्या रेल्वे कामगार संघटनेने तो देशभर नेला, आणि सरकारने सैन्य पाठवून मोडून काढला. १८९८ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कारखाना चालवायला न लागणारी मालमत्ता कंपनीने विकून टाकावी. लोक मालक झाले आणि घरं टिकली. १९६० मध्ये हा सगळा भाग पाडून तिथे उद्योग आणायची टूम निघाली, तेव्हा तिथल्याच रहिवाशांनी संघटना काढून ती हाणून पाडली. २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी पुलमनला राष्ट्रीय स्मारक केलं. पुलमनच्या डब्यांत सेवा करणारे कृष्णवर्णीय पोर्टर आणि त्यांचा झगडाही तिथे सांगितल्या जाणाऱ्या कथेत आता आहे. कंपनीच्या त्या सुबक गावात मात्र त्यांना घर नव्हतं.

इथून गोष्ट वळते.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबं शिकागोला येऊ लागली. १९१० मध्ये त्यांची संख्या सुमारे ४४,००० होती, १९३० मध्ये २,३४,००० झाली. राहायला मिळाली ती शहराच्या दक्षिणेतली एक अरुंद पट्टी. तिलाच पुढे ब्रॉन्झव्हिल नाव पडलं. झुंडबळींविरुद्ध आयुष्यभर लिहिणाऱ्या पत्रकार आयडा बी. वेल्स याच भागात एका मोठ्या दगडी घरात राहत. वृत्तपत्रं, बँका, विमा कंपन्या, संगीताचे अड्डे, सगळं तिथे उभं राहिलं. पण पट्टी रुंद होऊ द्यायची नाही असा बंदोबस्त होता. १९१९ च्या जुलैमध्ये तळ्यात पोहणारा एक कृष्णवर्णीय मुलगा गोऱ्यांच्या किनाऱ्याकडे वाहत गेला, त्याच्यावर दगड मारले गेले, तो बुडाला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसं मेली.

दंगलीपेक्षा कागदाचा बंदोबस्त जास्त टिकाऊ ठरला. १९२७ मध्ये शिकागोच्या रिअल इस्टेट बोर्डाने एक नमुना-करार तयार केला. रस्त्यावरच्या घरमालकांनी आपापसात सही करायची, की आम्ही कृष्णवर्णीयांना घर विकणार नाही, भाड्याने देणार नाही. त्यात सवलत होती ती रखवालदार, ड्रायव्हर आणि घरकाम करणाऱ्यांना, तळघरात किंवा मागच्या गॅरेजवर राहायची. नोकर म्हणून चालेल, शेजारी म्हणून नाही, हे इतक्या स्वच्छ कायदेशीर भाषेत क्वचितच लिहिलं गेलं असेल.

कार्ल हॅन्सबरी नावाच्या व्यावसायिकाने १९३७ मध्ये अशा निर्बंधाच्या रस्त्यावर घर घेतलं. शेजाऱ्यांनी खटला भरला. तिथल्या कराराला अट होती, की ९५ टक्के मालकांच्या सह्या असतील तरच तो लागू. जुन्या एका खटल्यात तेवढ्या सह्या आहेत असं परस्पर मान्य केलेलं होतं. मोजल्या तेव्हा निघाल्या सुमारे ५४ टक्के. १९४० मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हॅन्सबरींच्या बाजूने निकाल दिला, पण तांत्रिक मुद्द्यावर: जुन्या खटल्यात हे पक्षकार नव्हतेच, तर तो निकाल त्यांच्यावर बंधनकारक कसा? असे करार कोर्टांनी अमलात आणू नयेत हा निकाल यायला १९४८ उजाडलं. हॅन्सबरींचं घर आजही उभं आहे, आणि २०१० मध्ये शहराने त्याला वारसा दर्जा दिला.

करार गेले तरी पैशाची दारं बंदच होती. जागतिक मंदीत लाखो लोकांची घरं जप्त होऊ लागली, तेव्हा केंद्र सरकारने १९३३ मध्ये होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं आणि १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन, ज्याला सगळे एफएचए म्हणतात. आज आपण ज्याला गृहकर्ज म्हणतो, वीस-तीस वर्षांचं, दर महिन्याला थोडी मुद्दल फेडत जाणारं, ते अमेरिकेत सर्वसामान्य झालं ते यातून. एफएचए स्वतः कर्ज देत नसे, बँकेच्या कर्जाचा विमा उतरवत असे. विमा असेल तर बँक कमी अनामत घेऊन, लांब मुदतीने पैसे देई. मग प्रश्न आला: विमा कुठल्या भागात उतरवायचा? शहरांचे नकाशे रंगवले गेले. हिरवा उत्तम, निळा ठीक, पिवळा घसरणीला लागलेला, लाल धोक्याचा. घरांची अवस्था बघितली जाई, तशीच राहणाऱ्यांची जातकुळीही. ब्रॉन्झव्हिल लाल होतं, तिथली दगडी घरं कितीही पक्की असली तरी.

या लाल नकाशाच्या माथी हल्ली सगळंच मारलं जातं, म्हणून एक बारकावा सांगायला हवा. प्रसिद्ध झालेले रंगीत नकाशे कॉर्पोरेशनचे, आणि त्या संस्थेने लाल भागांतही बरीच कर्जं दिली होती. एफएचएचे नकाशे आणि नियम स्वतःचे वेगळे होते, आणि खरी कोंडी त्यांनी केली.

कोंडी म्हणजे काय ते नॉर्थ लॉनडेलमध्ये दिसतं. इथे आधी ज्यू कुटुंबांची मोठी वस्ती होती. १९५० मध्ये या भागात कृष्णवर्णीय १३ टक्के होते, १९६० मध्ये ९१ टक्के. दहा वर्षांत अख्खी वस्ती बदलली ती आपोआप नव्हे. दलाल गोऱ्या घरमालकांना घाबरवत: ते लोक येतायत, भाव पडणार, आत्ताच विका. पडत्या भावात घर घ्यायचं आणि तेच कृष्णवर्णीय कुटुंबाला कितीतरी चढ्या भावाने द्यायचं. बँक त्या कुटुंबाला कर्ज देणार नाही हे दोघांनाही माहीत. मग दलालच म्हणे, मला हप्त्याने द्या, करार करू.

हा करार समजायला आपलं साठेखत आठवा. समजा कुणी वीस वर्षं साठेखतावर हप्ते भरतोय, आणि खरेदीखत शेवटचा हप्ता फिटेपर्यंत विकणाऱ्याच्याच नावावर. घरपट्टी भरायची घेणाऱ्याने, गळतं छप्पर दुरुस्त करायचं घेणाऱ्याने. आणि एक हप्ता चुकला तर घर काढून घ्यायचं, भरलेले सगळे पैसे बुडाले, तेच घर पुढच्याला. ड्यूक विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये याचा हिशेब मांडला. १९५० आणि १९६० च्या दशकांत शिकागोत कृष्णवर्णीयांना विकल्या गेलेल्या घरांपैकी ७५ ते ९५ टक्के घरं अशा करारांवर गेली, किंमत सरासरी ८४ टक्क्यांनी फुगवलेली होती, आणि त्या कुटुंबांचं एकूण नुकसान आजच्या पैशात तीन ते चार अब्ज डॉलरच्या घरात जातं.

आता पुन्हा घराकडे बघा. हप्ता चुकू नये म्हणून नवरा-बायको दोन-दोन पाळ्यांत काम करणार, खोल्या पाडून आणखी भाडेकरू घेणार, आणि छपराला हात लावणार नाहीत. दोन पिढ्यांपूर्वी ज्या टू-फ्लॅटच्या वरच्या मजल्याने एकेका कुटुंबाला वर काढलं, तोच टू-फ्लॅट आता घराला आणि माणसाला दोघांनाही खात होता. बाहेरून येणारा म्हणे, या लोकांना घर सांभाळता येत नाही.

१९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग नॉर्थ लॉनडेलमध्येच एका मोडक्या फ्लॅटमध्ये राहायला आले, घरांच्या प्रश्नासाठी. १९६८ मध्ये करारात अडकलेल्या लोकांनी कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग काढली, हप्ते द्यायचं थांबवलं, कित्येकांनी करार बदलून घेतले. कोर्टात मात्र हरले. किंग यांच्या हत्येनंतर त्याच वर्षी एप्रिलमध्ये जाळपोळ झाली, मग इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कारखाना गेला, सिअर्स कंपनीचं मुख्यालय गेलं. १९६० मध्ये सव्वा लाख वस्ती असलेल्या या भागात आता सुमारे ३५,००० लोक राहतात. मोकळे प्लॉट आले ते असे. बँकांनी कुठल्या भागात किती कर्जं दिली हे जाहीर करायला लावणारा कायदा १९७५ मध्ये झाला. त्यासाठी लढलेल्या गेल सिन्कोटा शिकागोच्याच ऑस्टिन भागातल्या गृहिणी होत्या.

आणि वारसा? 'ऐतिहासिक' हा शिक्का तिथे दोन प्रकारचा असतो आणि लोक त्यात हमखास गोंधळतात. ऐतिहासिक ठिकाणांची राष्ट्रीय नोंदवही १९६६ च्या कायद्याने आली. तीत नाव लागणं मानाचं, पण मालकाने स्वतःच्या पैशाने घर पाडलं तर ती त्याला अडवत नाही. शहराचा शिक्का, १९६८ च्या वटहुकमाचा, खरा कडक. सात निकषांपैकी किमान दोन बसले आणि नगर परिषदेने मान्य केलं, की बाहेरून दिसणाऱ्या कुठल्याही बदलाला वारसा आयोगाची परवानगी लागते. असे साठांहून अधिक विभाग शहरात आहेत. याशिवाय १९८३ ते १९९५ मध्ये शहरातल्या जुन्या इमारतींची पाहणी झाली आणि त्यांनाही रंग दिले गेले. पाडायचा अर्ज आला तर नारिंगी आणि लाल इमारतींना ९० दिवस थांबवून ठेवतात. या नकाशात लाल म्हणजे सर्वांत मौल्यवान. एकाच शहरात सरकारी लाल रंगाचे हे दोन अर्थ पन्नास वर्षांच्या अंतराने लागले, याला काय म्हणावं?

निकषही बदलत गेले. १९५५ मध्ये मिसिसिपीत गोऱ्यांनी मारलेल्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाचं वुडलॉनमधलं घर म्हणजे साधा विटेचा टू-फ्लॅट. वास्तुकलेच्या नजरेने त्यात काही नाही. २०२१ मध्ये त्याला शहराने वारसा दर्जा दिला.

सवलती मात्र अजून जुन्या पठडीच्या आहेत. राष्ट्रीय नोंदवहीतल्या इमारतीच्या दुरुस्तीवर २० टक्के केंद्रीय करसवलत मिळते, पण इमारत उत्पन्नाची असेल तर. राहत्या मालकासाठी इलिनॉयमध्ये घरपट्टीचं मूल्यांकन आठ वर्षं गोठवतात. अट अशी, की घराच्या बाजारभावाच्या किमान चौथा हिस्सा आधी दुरुस्तीवर खर्च करा. नॉर्थ लॉनडेलमधला के-टाउन हा भाग २०१० मध्ये राष्ट्रीय नोंदवहीत आला, इथे बरेच रस्ते 'क'ने सुरू होतात: कार्लोव्ह, कीलर, कोमेन्स्की. तिथल्या निवृत्त मालकिणीला सवलतीचा कागद मिळेल, पण तो चौथा हिस्सा कुठून आणायचा? पुन्हा कर्जच.

त्यामुळे पिल्सनमध्ये जे झालं ते मला आश्चर्याचं वाटत नाही. चेक लोकांनी बोहेमियातल्या प्लझेन्यवरून नाव दिलेली ही वस्ती. काही रस्त्यांवर पदपथ अंगणापेक्षा उंच आहेत, कारण गटारांसाठी रस्ते नंतर वर उचलले गेले आणि घरं खालीच राहिली. १९६० च्या दशकात शेजारी इलिनॉय विद्यापीठाचा नवा परिसर बांधताना उठवलेली मेक्सिकन कुटुंबं इथे आली आणि भिंतींवर त्यांची चित्रं आली. अलीकडे शहराने पिल्सनला वारसा विभाग करायचा घाट घातला. वाटलं असेल लोक खूश होतील. लोक चिडले: एका बाजूने भाव वाढून घरपट्टी चढतेय, त्यात खिडकी बदलायलाही महागडी, आयोगाला पसंत पडेल तशीच घ्यायची? डिसेंबर २०२० मध्ये नगर परिषदेच्या समितीने प्रस्ताव फेटाळला.

त्याऐवजी २०२१ मध्ये दोन कमी दिमाखाचे नियम झाले, पिल्सनसाठी आणि वायव्येकडच्या ६०६ या उंच पायवाटेच्या परिसरासाठी. पहिला: जिथे बहुसंख्य इमारती अनेक बिऱ्हाडांच्या आहेत, तिथे टू-फ्लॅट आतून जोडून एका श्रीमंत कुटुंबाचं प्रशस्त घर करता येणार नाही. दुसरा: घर पाडायचं असेल तर, सुरुवातीच्या म्हणजे २०२१ च्या दराने, इमारतीमागे किमान १५,००० डॉलर किंवा बिऱ्हाडामागे ५,००० डॉलर, जी रक्कम जास्त असेल ती, आधी भरायची. शहरातले टू-फ्लॅट दोन्हीकडून कमी होतायत: लोगन बुलेव्हार्ड ज्यात येतो त्या लोगन स्क्वेअरसारख्या भागात पैसा जास्त झाल्यामुळे, नॉर्थ लॉनडेलमध्ये पैसा आलाच नाही म्हणून. हे नियम पहिल्या कारणावर काम करतात. दुसऱ्यासाठी अजून तरी मोकळ्या प्लॉटवर घर बांधू इच्छिणाऱ्याला बँकेत जाऊन बसावं लागतं, आणि तिथे मूल्यांकन करणारा सांगतो की बांधायचा खर्च घराच्या बाजारभावापेक्षा जास्त येतोय.